इंटरनेटचा तलाठी

तलाठी म्हणजे कोण हे नगर जिल्ह्यात राहून कुणाला सांगायला नको. (कागदोपत्री आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच!) कोणता गट नंबर कुणाच्या नावावर, हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. सातबाऱ्यावर नाव असेल तर जमीन तुमची, नसेल तर चपला झिजवा.

आता कल्पना करा, एक असा तलाठी आहे की त्याच्याकडे गाव नाही, तालुका नाही, तर अख्ख्या जगाच्या इंटरनेटचं दप्तर आहे. कोणता नंबर कुणाला दिला याची नोंद तो ठेवतो. सुरुवातीला तर चक्क वहीत! आणि हे तो वर्ष-दोन वर्षं नाही, तर जवळजवळ तीस वर्षं करतो. छातीपर्यंत दाढी, पायात सँडल, सुटी मिळाली की पाठीवर सॅक टाकून डोंगरात. हा तलाठी म्हणजे जॉन पोस्टेल.

आपल्या कम्प्युटर नेटवर्क्सच्या पुस्तकात त्याचं नाव कोपऱ्यात कुठेतरी असतं, नाहीतर नसतंच. पण व्हायवाला एक्स्टर्नल जे हमखास विचारतात, ते आयपी, टीसीपी, आयसीएमपी, यूडीपी, या सगळ्यांच्या मूळ कागदावर लेखक किंवा संपादक म्हणून याच माणसाचं नाव आहे. ई-मेल पाठवायचा एसएमटीपी, १९८२ चा, तोही त्याचाच. तरीसुद्धा मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते या प्रोटोकॉल्समुळे नाही. लिहावंसं वाटलं ते त्याच्या वहीमुळे, आणि पुढे त्या वहीचं जे झालं त्यामुळे.

जॉनचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडिना गावातला. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नाइज हायस्कूल. गंमत म्हणजे ज्यांना आज इंटरनेटचे जनक वगैरे म्हणतात ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर याच शाळेतले. तिघेही पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये एकत्र आले. जॉनने तिथूनच १९६६ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ ला मास्टर्स केलं आणि १९७४ ला कम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी.

२९ ऑक्टोबर १९६९ ला यूसीएलएमधून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या मशीनला पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द टाइप करताना पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं मशीन बसलं! अर्पानेट ते हेच. त्या वेळी ही सगळी पोरं जेमतेम पंचविशीची होती. प्रोटोकॉल कसे असावेत हे ठरवायला त्यांनी एक साधी पद्धत काढली होती. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहायचं, नंबर द्यायचा आणि सगळ्यांना वाटायचं. त्याला नाव दिलं आरएफसी, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती. पहिला आरएफसी क्रॉकरने एप्रिल १९६९ मध्ये लिहिला. हे कागद सांभाळायचं, तपासायचं, नंबर द्यायचं काम जॉनकडे आलं. आपल्याकडे सबमिशनच्या वेळी सगळ्या बॅचच्या फाइली गोळा करणारा एक पोरगा असतो ना, ते काम. ते कुणालाच नको असतं. जॉनने ते मरेपर्यंत केलं, आणि त्याच्या हयातीत आरएफसींचा आकडा अडीच हजारांच्या जवळ गेला. दोनशेपेक्षा जास्त तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्यांबरोबर लिहिले.

नंबरांचंही असंच. मशीन वाढायला लागली तसा कोणता सॉकेट नंबर कोणत्या कामाला, यात गोंधळ व्हायला लागला. दोघांनी एकच नंबर वापरला तर? मे १९७२ मध्ये जॉनने एक छोटा आरएफसी लिहून सुचवलं, की नंबर वाटायला एकच माणूस नेमा, आणि तो माणूस मी असेन. त्याने स्वतःसाठी सुचवलेलं पद झारचं होतं, रशियाच्या सम्राटाचं! अर्थात हे गमतीत. पण कुणी हरकत घेतली नाही आणि काम त्याच्याकडेच राहिलं. मध्ये एक-दोन ठिकाणी नोकरी करून १९७७ साली तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत, आयएसआयमध्ये आला, तेव्हा दप्तरही त्याच्याबरोबर आलं. तिथे जॉयस रेनॉल्ड्स ही त्याची सहकारी. दोघांनी मिळून वर्षानुवर्षं दिलेल्या नंबरांच्या याद्या छापल्या. पुढे या कामाला आयएएनए असं भारदस्त नाव मिळालं. कुणी ऑफिस शोधत आलं असतं तर त्याला एक दाढीवाला माणूस, एक-दोन सहकारी आणि कागदांचे ढीग एवढंच दिसलं असतं.

१९८० च्या जानेवारीत आयपीचा मसुदा लिहिताना पोस्टेलने एक सूत्र त्यात घातलं, ते पुढे त्याच्याच नावाने ओळखलं गेलं. मतलब असा, की आपण पाठवताना काटेकोर राहायचं आणि दुसऱ्याचं घेताना उदार राहायचं. समोरच्याच्या पॅकेटमध्ये बारीकसारीक चूक असली, पण अर्थ कळत असला, तर चालवून घ्यायचं. तेव्हा हे बरोबरच होतं. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर स्वतःचा कोड लिहिलेला, कोणाचाच पूर्ण बरोबर नाही. सगळे अडून बसले असते तर कुणाचंच कुणाशी जमलं नसतं!

पण उदारपणा कुठवर? खरी गोष्ट इथे सुरू होते. त्यासाठी थोडं राउटिंग समजून घेऊ (टीईच्या मंडळींनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल).

नगरच्या माळीवाडा स्टँडवर उभे राहा. एक गाडीवाला ओरडतो, पुणे पुणे पुणे! इंटरनेटवर प्रोव्हायडर अगदी असंच ओरडतात. प्रत्येक प्रोव्हायडर म्हणजे एक स्वायत्त नेटवर्क, त्याला स्वतःचा एक नंबर, एएस नंबर. (हे नंबरही पोस्टेलच्याच यादीतले.) तो शेजारच्याला सांगतो, की हे हे पत्ते माझ्याकडून गाठता येतात. शेजारी ते ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. असं करत सगळ्या जगाला रस्ते कळतात. याचा प्रोटोकॉल बीजीपी. त्याचा पहिला आरएफसी जून १९८९ मध्ये निघाला. आणि त्यात एक मोठी उणीव होती. ओरडणाऱ्याकडे परमिट आहे का, हे तपासायची सोयच नव्हती. शिवाय राउटरचा नियम असा, की जास्त नेमका पत्ता जिंकतो. एक जण नुसता पुणे ओरडला आणि दुसरा पुणे-शिवाजीनगर ओरडला, तर शिवाजीनगरचा पॅसेंजर दुसऱ्याच्या गाडीत बसणार. मग ती गाडी शिवाजीनगरला जाणारच नसली तरी!

याला उपाय फिल्टर. प्रोव्हायडरच्या राउटरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक यादी असते. या गिऱ्हाइकाकडून एवढेच पत्ते ऐकायचे, बाकी काही ओरडला तरी कानावर घ्यायचं नाही. आपल्या हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांकडे यादी असते तसं. गिऱ्हाइकं दहा असतील तर इंजिनिअर हाताने टाइप करू शकतो. फोन येणार, साहेब नवीन ब्लॉक मिळाला, की लगेच एक ओळ वाढवायची. गिऱ्हाइकं हजार झाली, त्या गिऱ्हाइकांना आपली गिऱ्हाइकं झाली, की संपलं. यादी जुनी राहते, एखादा आकडा चुकतो, किंवा कंटाळून फिल्टर लावतच नाहीत. आलं ते घ्या. पोस्टेलच्या सूत्राचा अर्धाच भाग लोकांनी सोयीने उचलला, असं माझं मत आहे. घेताना उदार हे सगळ्यांना पाठ, पाठवताना काटेकोर हे विसरले.

१९८० च्या दशकात अमेरिकेत एनएसएफनेट नावाचा मुख्य महामार्ग होता आणि मेरिट नावाची संस्था तो चालवायची. कुठल्या नेटवर्कला कुठून यायची परवानगी, याची नोंद मेरिटच्या डेटाबेसमध्ये करावी लागायची आणि त्या नोंदीवरूनच राउटरची सेटिंग तयार व्हायची. म्हणजे चांगलं होतं. पण ३० एप्रिल १९९५ ला हा महामार्ग बंद करून सगळं खासगी कंपन्यांवर सोपवलं गेलं. मग नोंदी कोण ठेवणार? त्यासाठी सरकारी पैशाने राउटिंग आर्बिटर नावाचा प्रकल्प उभा राहिला, मेरिट आणि आयएसआय मिळून. १९९४ साली त्याची रचना समजावणारा जो लेख आला, त्यावर तीन नावं आहेत. डेबोरा एस्ट्रिन, याकोव्ह रेख्टर आणि आपला जॉन पोस्टेल. वहीत नंबर लिहिणारा माणूस आता वहीवरून मशीनने राउटर कसा चालवायचा, या कामात होता.

कल्पना सोपी आहे. एक सार्वजनिक नोंदवही ठेवायची. प्रत्येक नेटवर्कने तिथे लिहायचं, की माझे पत्ते हे, माझी गिऱ्हाइकं ही, मी अमक्याशी जोडलेलो. मेरिटची अशी नोंदवही १९९५ पासून आरएडीबी या नावाने सुरू आहे. लिहायची एक ठरलेली भाषा हवी, म्हणून आरपीएसएल आली. आणि आयएसआयमध्ये जेन्गिज अलाएटिनोग्लू आणि मंडळींनी ती वाचणारी टूल्स लिहिली. टूल नोंदवहीला विचारतं, की या गिऱ्हाइकाच्या पोटात कोण कोण? मग त्या प्रत्येकाचे पत्ते काढतं, दोनदा आलेले गाळतं, जोडून येणारे तुकडे एकत्र करतं, आणि शेवटी सिस्कोचा राउटर असेल तर सिस्कोच्या भाषेत फिल्टर लिहून देतं. इंजिनिअरने रात्री हे काम लावून झोपायचं, सकाळी सगळ्या राउटरांच्या याद्या ताज्या. हाताने काही नाही.

आपल्याकडच्या काही जणांना हे ऑटोमेशन म्हणजे काय मोठं, असं वाटेल. एक स्क्रिप्टच तर आहे! पण हे नसलं की काय होतं ते २५ एप्रिल १९९७ ला दिसलं. एका छोट्या अमेरिकन प्रोव्हायडरच्या राउटरने, एएस नंबर ७००७, जगभरातले रस्ते ऐकले, त्यांचे बारीक तुकडे केले, आणि हे सगळे पत्ते माझेच म्हणून वरच्या मोठ्या कंपनीला सांगितले. वर फिल्टर नव्हता. नेमका पत्ता जिंकतो हा नियम, त्यामुळे इंटरनेटचा मोठा भाग त्या बिचाऱ्या राउटरकडे धावला. त्यांनी राउटरची वायर काढली तरी खोटे रस्ते दुसऱ्या राउटरांमध्ये फिरतच राहिले. काही तास गोंधळ. आणि यात कुणी हॅकर वगैरे नव्हता बरं का, साधी चूक.

आता थोडं आपल्याकडे येऊ. देशांची दोन अक्षरी नावं कुणाला द्यायची हेही पोस्टेलच बघायचा. कोणता प्रदेश देश आणि कोणता नाही या भांडणात पडायला नको म्हणून त्याने आधीच छापलेली आंतरराष्ट्रीय आयएसओ यादी घेतली. यादीत आहे तर मिळेल, नाही तर नाही. किती हुशारी! भारताचं डॉट इन ८ मे १९८९ ला नोंदलं गेलं आणि ते मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे आलं. तेव्हा एनसीएसटीमधूनच अर्नेटची ९.६ केबीपीएसची लीज्ड लाइन अमेरिकेला जोडलेली होती. ९.६ केबीपीएस! आपल्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी नेट स्लो झालं म्हणून ओरडणाऱ्यांनी हा आकडा परत वाचावा. पोस्टेलची अट एवढीच, की नाव ज्याच्याकडे दिलं त्याने मालक व्हायचं नाही, त्या देशातल्या लोकांसाठी ते राखायचं. २००५ पासून डॉट इन निक्सी ही संस्था बघते.

पण एक माणूस, एक वही, आणि बाकी सगळा विश्वास, हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. १९९० नंतर नावांमध्ये पैसा आला. कंपन्या, वकील, सरकारं, सगळे विचारायला लागले, की हा दाढीवाला कोण आणि याला अधिकार कुणी दिला? खरं उत्तर असं की कुणीच नाही, सगळे मानतात म्हणून.

२८ जानेवारी १९९८ ला त्याने एक गोष्ट केली, तिच्यावर अजून वाद होतो. नावांची सर्वांत वरची यादी रूट सर्व्हरवर असते. ते चालवणाऱ्या बारा संस्थांपैकी आठ जणांना त्याने ई-मेल केली, की यादी आता नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता माझ्या सर्व्हरवरून घ्या. आणि त्यांनी घेतली! ना ऑर्डर, ना सही-शिक्का, नुसतं जॉनने सांगितलं म्हणून. वॉशिंग्टनमध्ये धावपळ झाली, वरून फोन आले. पोस्टेलने सांगितलं की ही चाचणी होती, आणि काही दिवसांत सगळं होतं तसं केलं. दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला, नावं आणि नंबर यांचा कारभार कसा असावा यावर अमेरिकन सरकारचा मसुदा बाहेर आला.

मला इथे तो पूर्ण बरोबर वाटत नाही. हेतू चांगला असेलही, पण गावाचं दप्तर एका रात्रीत तलाठ्याने स्वतःच्या घरी नेलं तर गाव काय म्हणेल? दुसरीकडे, दप्तर एका माणसावर उभं आहे हे यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवूही शकलं नसतं. योगायोग बघा, त्याच जानेवारीत आरपीएसएल या नोंदवहीच्या भाषेचा आरएफसी निघाला. संपादक अर्थात पोस्टेल. माणसावरचा विश्वास काढून तो लिखित नोंदीवर ठेवायची भाषा त्याच्याच टेबलावरून छापून गेली.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर आयकॅन ही नवीन संस्था स्थापन झाली. त्याने सांभाळलेलं काम आता तिच्याकडे जाणार होतं. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन जॉन पोस्टेल लॉस एंजेलिसमध्ये वारला. वय फक्त ५५. शाळेतला मित्र व्हिंट सर्फ याने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, तो आरएफसी म्हणूनच निघाला, नंबर २४६८. आरएफसींचं काम जॉयस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी पुढे नेलं.

त्याच्या मागे काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण टूल आलं म्हणून प्रश्न सुटला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा हुकूम निघाला. २४ तारखेला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता टाकलेला खोटा रस्ता बाहेर पडला, वरच्या हाँगकाँगच्या कंपनीने फिल्टर न लावता तो घेतला, आणि जवळजवळ दोन तास जगभर यूट्यूब गायब! १६ एप्रिल २०२१ ला आपल्याच व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून तीस हजारांपेक्षा जास्त पत्ते चुकून आपले म्हणून जाहीर झाले. म्हणजे ७००७ नंतर चोवीस वर्षांनी तीच गोष्ट.

दुसरी अडचण नोंदवहीची. लोक नोंद करतात, पण कंपनी बंद झाली, ब्लॉक परत दिला, तरी जुनी नोंद काढत नाहीत. काही नोंदवह्यांमध्ये तर दुसऱ्याच्या पत्त्यावर आपलं नाव लिहिलं तरी कुणी विचारायचं नाही. टूल बिचारं प्रामाणिक, वहीत आहे ते राउटरमध्ये टाकतं. वही खोटी असेल तर फिल्टरही खोटा, तोसुद्धा दररोज रात्री न चुकता! यावर उपाय म्हणून आरपीकेआय आलं, त्याचा मुख्य आरएफसी फेब्रुवारी २०१२ चा. आपल्याकडे हाताने लिहिलेला सातबारा जाऊन कम्प्युटरचा आला, आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळायला लागला, तसंच हे. ज्या रजिस्ट्रीने पत्ते दिले तिच्या यंत्रणेतूनच सही होते, की हा ब्लॉक फक्त या एएस नंबरने जाहीर करायचा आणि एवढ्यापेक्षा बारीक तुकडा करायचा नाही. भारतात पत्ते वाटायचं काम २०१२ पासून आयआरआयएनएन करते. सहीशी जुळत नाही तो रस्ता राउटरने सरळ टाकून द्यायचा, तिथे उदारपणा नाही. २०२३ च्या जूनमध्ये तर एक आरएफसीच निघाला, की पोस्टेलचं ते सूत्र सरसकट वापरल्याने प्रोटोकॉल काळाबरोबर कसे बिघडतात. त्यात तथ्य आहे. पण १९८० साली सगळे काटेकोर राहिले असते तर बिघडायला इंटरनेट तरी असतं का, हेही मला विचारावंसं वाटतं.

आयएसआयची जुनी टूल्स पुढे युरोपच्या राइप या रजिस्ट्रीकडे आणि नंतर आयएससी या संस्थेकडे गेली. आता बरेच प्रोव्हायडर बीजीपीक्यू-३ किंवा बीजीपीक्यू-४ नावाचं छोटं टूल वापरतात. ते फुकट आहे आणि उबुंटूवर नेहमीसारखं इन्स्टॉल होतं. ज्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे त्यांनी आपल्या प्रोव्हायडरचा एएस नंबर शोधून त्याला द्यावा. दोन-चार सेकंदांत यादी समोर येते. त्यातल्या किती नोंदी अजून खऱ्या आहेत, ते मात्र टूल सांगत नाही.